पंचाहत्तरच्या खाली

१९८३च्या जानेवारीत ब्रिटनमधल्या निवडक रेकॉर्डच्या दुकानांत गल्ल्याशेजारी एक छोटं यंत्र येऊन बसलं. विक्रीचा साप्ताहिक तक्ता काढायचं काम त्या महिन्यापासून गॅलप या सर्वेक्षण कंपनीकडे आलं होतं. त्याआधी दुकानदार वहीत नोंदी करून त्या पाठवून द्यायचे. आता गिऱ्हाइकाने सिंगल, म्हणजे एका गाण्यासाठी काढलेली छोटी रेकॉर्ड घेतली, की काउंटरवरच्या पोराने तिच्या कव्हरवरचा कॅटलॉग क्रमांक यंत्रावर टाइप करायचा. रात्री फोनच्या तारेवरून सगळ्या दुकानांचे आकडे गोळा व्हायचे आणि शनिवारी आठवडा संपायचा. मग बीबीसीच्या रेडिओ वनवर पहिली चाळीस गाणी वाजायची, गुरुवारी संध्याकाळी ‘टॉप ऑफ द पॉप्स’मध्ये त्यांतली काही टीव्हीवर दिसायची आणि दुकानाच्या भिंतीवर पहिल्या पंचाहत्तर गाण्यांची छापील यादी लागायची.

शहात्तर ते शंभर हे क्रमांकही मोजले जायचे. पण ते फक्त धंद्यातल्या लोकांच्या साप्ताहिकात, ‘पुढची पंचवीस’ अशा वेगळ्या मथळ्याखाली छापून यायचे, आणि घसरणीला लागलेली गाणी त्यातून गाळलेली असायची. भिंतीवरची यादी वाचणाऱ्याच्या दृष्टीने पंचाहत्तरच्या खाली काहीच नव्हतं.

ग्लासगोच्या द ब्लू नाइल या बँडचं ‘टिन्सलटाउन इन द रेन’ १९८४ मध्ये ८७व्या क्रमांकापर्यंत गेलं. शेफील्डच्या द कॉमसॅट एंजल्सचं ‘इंडिपेंडन्स डे’ त्याच वर्षी ७१वर टेकलं. ब्रिस्बेनहून लंडनला आलेल्या द गो-बिट्वीन्सचं ‘स्ट्रीट्स ऑफ युअर टाउन’ १९८८ मध्ये ८०वर थांबलं. ऐंशीच्या दशकातल्या, एकही हिट न मिळालेल्या बँडची यादी करायला बसलं तर ती संपणार नाही. पण या तिघांकडे नीट पाहिलं, तर हिट होणं आणि न होणं यामागे कोणते खिळे-स्क्रू होते ते स्पष्ट दिसतं. त्यांतले फारच थोडे गाण्याच्या गुणवत्तेशी संबंधित होते, असं माझं ठाम मत आहे.

बिनाका गीतमालेतली पायदानं ज्यांच्या कानांत आहेत, त्यांना गाणं आठवड्या-आठवड्याने वर चढण्यातली मजा सांगायला नको. ब्रिटिश तक्त्याचा हिशोब मात्र जास्त निष्ठुर होता, कारण तो फक्त त्या सात दिवसांपुरता होता. समजा, एका सिंगलच्या वीस हजार प्रती एकाच आठवड्यात खपल्या. दुसरीच्याही तेवढ्याच खपल्या, पण हजार-हजार करून वीस आठवड्यांत. विकत घेणारे सारखेच, पैसेही सारखेच. पहिलं गाणं वरच्या चाळिसात येईल, दुसरं बहुधा भिंतीवरच्या यादीत कधी दिसणारच नाही. तक्ता वेग मोजत होता, आणि वेग विकतही घेता येत होता. कोणत्या दुकानांत यंत्र आहे याचा सुगावा कंपन्यांच्या विक्री प्रतिनिधींना लागायचा. मग नेमक्या त्याच दुकानांत फुकट प्रती, चित्रं छापलेल्या तबकड्या, बारा इंची खास आवृत्त्या पोचायच्या. हे तेव्हा उघड गुपित होतं आणि त्याविरुद्ध नियम करण्याची वेळ आली होती.

चाळिसाच्या आत न आलेल्या गाण्याचं पुढे काय व्हायचं, हेही ठरलेलं होतं. दिवसाच्या कार्यक्रमांत ते लागत नसे, टीव्हीवर दिसत नसे. मोठी साखळी दुकानं वरच्या यादीपुरताच साठा ठेवायची, त्यामुळे ऐकून कुणाला घ्यावंसं वाटलंच तरी ते जवळच्या दुकानात सापडत नसे. रात्री उशिरा जॉन पीलसारखा एखादा निवेदक ते वाजवायचा. ऐकणारा दुसऱ्या दिवशी शहरातल्या लहानशा दुकानात जाऊन ऑर्डर द्यायचा आणि रेकॉर्ड दहा दिवसांनी हाती यायची. तोवर तो आठवडा संपलेला असायचा.

द ब्लू नाइलची गोष्ट इथे सविस्तर सांगायला हवी. पॉल बुकॅनन, रॉबर्ट बेल आणि पॉल जोसेफ मूर हे तिघे ग्लासगो विद्यापीठातले. बँडमध्ये ड्रम वाजवणारा नव्हता. १९८१ मध्ये त्यांनी ‘आय लव्ह धिस लाइफ’ ही पहिली सिंगल स्वतःच्या लेबलवर काढली. आरएसओ या मोठ्या कंपनीने ती उचलली, आणि थोड्याच दिवसांत आरएसओच पॉलिग्राममध्ये विरून गेली. रेकॉर्ड बाजारात, आणि ती विकणारी कंपनी जागेवर नाही. पहिल्या पावलालाच असा खड्डा लागला की त्यात गाण्याचा दोष शोधण्यात अर्थ नसतो.

पुढचं वळण मात्र नशिबाने चांगलं मिळालं. एडिनबराच्या पूर्वेला पेनकेटलंड नावाच्या गावात कॅसलसाउंड हा स्टुडिओ होता आणि तिथे कॅलम माल्कम हा ध्वनिमुद्रक. त्याच्याकडे लिन या ग्लासगोच्याच कंपनीचे स्पीकर होते. लिन म्हणजे सोंडेक एलपी१२ हा टर्नटेबल बनवणारी कंपनी. घरी रेकॉर्ड मन लावून ऐकणाऱ्यांमध्ये तिचं नाव आजही आदराने घेतात. लिनचे लोक स्टुडिओत आले असताना माल्कमने त्यांना या तिघांच्या गाण्याचा कच्चा नमुना वाजवून दाखवला, आणि टर्नटेबलवाल्यांनी त्यांची रेकॉर्ड काढायचं ठरवलं. नामसाधर्म्यामुळे एक घोटाळा नेहमी होतो, तो इथेच दूर करतो. त्या काळातलं प्रसिद्ध ड्रम मशीन लिनड्रम हे अमेरिकेतल्या रॉजर लिनचं. त्याचा आणि ग्लासगोच्या लिनचा काही संबंध नाही.

‘अ वॉक अक्रॉस द रूफटॉप्स’ हा पहिला अल्बम १९८४ मध्ये आला. कॅटलॉग क्रमांक एलकेएच १. त्यात गाणी फक्त सात. ‘टिन्सलटाउन’ जवळजवळ सहा मिनिटांचं, ‘हीटवेव्ह’ सहा मिनिटांहून जास्त. पहिलंच गाणं सुरू होतं तेव्हा वाद्यं एकमेकांना जागा करून देत एकेक येतात. बेसचे दोन-चार सूर, मग रिकामी जागा, मग ड्रमचा एक कोरडा ठोका, मग पुन्हा रिकामी जागा. त्या काळच्या पॉपमध्ये सगळ्या फटी बुजवून टाकायची रीत होती. इथे फटी राखलेल्या आहेत आणि बुकॅननचा आवाज त्यांतून वाट काढत येतो. ‘टिन्सलटाउन’मध्ये बेस पुढे चालतो, मागून गिटार तुटक-तुटक ठोके देते, आणि तंतुवाद्यं आली की ओल्या रस्त्यावर दिव्यांचा उजेड पसरावा तसं सगळं पसरतं.

आता सहा मिनिटांचं असं गाणं सात इंची तबकडीवर बसवायचं म्हणजे काय होतं, ते पाहण्यासारखं आहे. तबकडीवरची खाच कंप पावत जाते. आवाज जितका मोठा आणि बेस जितका खोल, तितकी ती आडवी जास्त हलते आणि शेजारच्या खाचेपासून लांब ठेवावी लागते. मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या सात इंची सिंगलच्या एका बाजूवर साडेतीन-चार मिनिटं दणदणीत बसतात. वेळ वाढवायची तर खाचा जवळ आणाव्या लागतात. जवळ आणल्या की आवाजाची पातळी उतरवावी लागते आणि बेस कापावा लागतो. पातळी उतरली की सुईची खरखर वर येते. ज्या गाण्याचा जीव शांत जागांमध्ये आहे, त्यात ती खरखर नेमकी तिथेच ऐकू येते. म्हणून सिंगलसाठी गाणं कापायचं. कापायचं कुठे? सुरुवातीची हळूहळू होणारी बांधणी कापली तर मुखड्याला चढ उरत नाही. शेवटचा विस्तार कापला तर मधलं सगळं कशासाठी होतं ते कळत नाही. ख्यालातली विलंबित गाळून थेट द्रुत गावी, तसं ते होतं. रेडिओवाल्यांना मात्र तीन-साडेतीन मिनिटांतच सगळं हवं असायचं.

एलपीच्या बाजूने पाहिलं, तर हीच बांधणी शहाणपणाची ठरते. सात गाणी, अडतीस मिनिटांच्या आसपास, म्हणजे सरासरी एका बाजूला एकोणीस मिनिटं. बारा इंची तबकडीवर एका बाजूला बावीस-तेवीस मिनिटांच्या पुढे गेलं की पातळी उतरवावी लागते, आणि इथे तशी वेळच येत नाही. टर्नटेबल बनवणाऱ्यांच्या घरात अशी रेकॉर्ड जन्माला यावी हे मला फार योग्य वाटतं.

जुनी प्रत घ्यायची झाली तर एक काळजी घ्यावी. एलपी मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांनी फिरते. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला पन्नासेक सेंटीमीटर खाच सरकते, आतल्या टोकाशी तीच जेमतेम एकवीस. तेवढ्याच आवाजाची नक्षी निम्म्याहून कमी जागेत कोरलेली असते, त्यामुळे झीज आणि फाटलेला आवाज पहिल्यांदा आतल्या गाण्यांत येतो. रेकॉर्ड उजेडाखाली तिरकी धरून लेबलाजवळचा भाग पाहायचा. तिथे काळ्या चकाकीऐवजी राखाडी झाक असेल, तर कुणीतरी ती बोथट सुईने वाजवलेली आहे. दुकानात वाजवून पाहायची सोय असेल, तर प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं आधी लावायचं आणि ‘स’, ‘श’ हे वर्ण ऐकायचे. ते फुटत असतील तर कव्हर कितीही कोरं असो, ती प्रत सोडून द्यावी. सीडी हवी असेल, तर २०१२ मध्ये कॅलम माल्कमनेच पुन्हा मास्टर केलेल्या दोन सीडींच्या आवृत्त्या आहेत, त्या घ्याव्यात.

दुसरा अल्बम यायला पाच वर्षं लागली. १९८५ मध्ये तिघे स्टुडिओत गेले, काम मनासारखं होईना, तेव्हा केलेलं सोडून दिलं. पुन्हा १९८८ मध्ये परतले आणि मग गाणी पटापट जमली. ‘हॅट्स’ १९८९च्या ऑक्टोबरमध्ये आला, पुन्हा सातच गाण्यांचा. पहिला दौरा त्यानंतर, १९९० मध्ये. म्हणजे ऐंशीचं दशक संपेस्तोवर या बँडने दौरा असा केलाच नव्हता. लोकांना तुम्ही दिसत नाही, पाच वर्षं तुमची रेकॉर्ड येत नाही, आणि येते तेव्हा तिच्यातलं ‘द डाउनटाउन लाइट्स’ साडेसहा मिनिटांचं. कोणत्याही विक्री विभागाने कपाळाला हात लावावा, अशीच ही परिस्थिती होती.

पण आकडे पाहा. ‘हॅट्स’ अल्बमच्या तक्त्यात १२व्या क्रमांकावर गेला. त्यातल्या सिंगल मात्र ६७ (‘द डाउनटाउन लाइट्स’), ७२ आणि ५०. आकड्यांत ही एवढी दरी पडते, कारण ज्याला हा बँड आवडायचा तो सिंगलसाठी थांबतच नसे, सरळ अख्खी रेकॉर्ड घ्यायचा. त्याची खरेदी सिंगलच्या तक्त्यात कधी उमटलीच नाही. लोकांना गाणं माहीत होतं, घरात होतं, तोंडपाठ होतं, आणि कागदोपत्री ते ६७वं होतं. १९९५ मध्ये अॅनी लेनक्स आणि रॉड स्ट्युअर्ट या दोघांनीही आपापल्या अल्बमवर हेच ६७वं गाणं गायलं. लेनक्सचा ‘मेड्युसा’ तर ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होता. २०२४ मध्ये टेलर स्विफ्टने एका गाण्यात या बँडचं आणि ‘डाउनटाउन लाइट्स’चं नाव घेतलं, तेव्हा १९८९ मध्ये जन्मालाही न आलेली कितीतरी मुलं ते शोधत आली.

कॉमसॅट एंजल्सचं दुखणं वेगळं होतं. त्यांचं पॉलिडॉर या कंपनीसाठी केलेलं पहिल्या अल्बमांचं त्रिकूट म्हणजे १९८०चा ‘वेटिंग फॉर अ मिरॅकल’, १९८१चा ‘स्लीप नो मोर’ आणि १९८२चा ‘फिक्शन’. तिन्हीत अंधारी, जड, पण आतून तापलेली गाणी आहेत. बँडचं नाव जे. जी. बॅलर्डच्या एका विज्ञानकथेवरून घेतलेलं. अमेरिकेत उपग्रह चालवणाऱ्या कॉमसॅट कंपनीने हरकत घेतली, म्हणून तिथे ‘सी. एस. एंजल्स’ या नावाने रेकॉर्ड काढाव्या लागल्या. ब्रिटिश मासिकात समीक्षा वाचून अमेरिकेतल्या दुकानात विचारणाऱ्याला मूळ नावाखाली काहीच सापडत नसे.

हिट मिळेना म्हणून ते कंपन्या बदलत गेले, पॉलिडॉरवरून जाइव्ह, जाइव्हवरून आयलंड. दर वळणावर आवाज थोडा अधिक गुळगुळीत झाला. याच काळात स्टुडिओंमध्ये दोन गोष्टी घरोघरच्या झाल्या होत्या. एक म्हणजे गेट लावलेला स्नेअर, म्हणजे ड्रमच्या संचातला कडक ठोक्याचा ड्रम. ड्रमचा खोलीभर घुमणारा आवाज वाढवायचा आणि पाव-अर्ध्या सेकंदात तो दार आपटावं तसा कापायचा. दुसरी म्हणजे १९८३ मध्ये आलेला यामाहाचा डीएक्स ७ कीबोर्ड. त्याच्यावर स्वतःचे ध्वनी घडवणं इतकं किचकट होतं की बहुतेक जण कारखान्यातून भरून आलेल्या बत्तीस ध्वनींवरच भागवायचे. त्यामुळे शेफील्डचा बँड आणि लॉस एंजेलिसचा बँड एकाच पियानोवर वाजवतायत असं वाटायला लागलं. १९८४चं ७१व्या क्रमांकाचं ‘इंडिपेंडन्स डे’ हे खरं तर त्यांच्याच १९८०च्या गाण्याचं नवं ध्वनिमुद्रण. दोन्ही लागोपाठ ऐकावीत. मला १९८०चंच खरं वाटतं. त्यात गिटार कमी वाजते, आणि जिथे वाजत नाही तिथे अंगावर काटा येतो. या बँडचा गायक स्टीफन फेलोज पुढे गोमेझ या तरुण बँडचा व्यवस्थापक झाला, आणि गोमेझला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमसाठी दिलं जाणारं १९९८चं मर्क्युरी पारितोषिक मिळालं.

द गो-बिट्वीन्सला हिट का मिळाली नाही याचं कारण मी बरीच वर्षं शोधतो आहे. मला ते गाण्यांत सापडत नाही. रॉबर्ट फॉर्स्टर आणि ग्रँट मॅकलेनन या दोन मित्रांनी १९७७च्या अखेरीस ब्रिस्बेनमध्ये बँड सुरू केला आणि १९८९ मध्ये मोडला. मधल्या काळात सहा अल्बम केले, तेही एका कंपनीकडून दुसरीकडे जात. दर वेळी प्रसिद्धी करणारे लोक नवे, दर वेळी शून्यापासून ओळख.

त्यांचं ‘कॅटल अँड केन’ १९८३चं. क्वीन्सलंडच्या उत्तर भागात उसाची शेती आहे, मॅकलेनन तिथे वाढला. सुट्टीत शाळेतून घरी निघालेला मुलगा उसाच्या फडांमधून जातो आणि मागे राहिलेल्या घराच्या, वडिलांच्या आठवणी येत राहतात, एवढंच गाणं. कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला त्यातला हिरवा, गोडसर वास लगेच कळेल. पण ते नुसतं ऐकत गेलं की पाय ठेका धरायला जातो आणि चुकतो. कडव्याचं चक्र ११ मात्रांचं आहे, पाच, दोन आणि चार असं तुटलेलं. आपल्याकडे रुद्र ताल ११ मात्रांचा, त्यामुळे मैफलींना जाणाऱ्याने हातावर मोजायला घेतलं तर सम पकडता येते. लिंडी मॉरिसनने ड्रमवर ते चक्र इतकं सहज ठेवलंय की मोजल्याशिवाय शंका येत नाही, नुसतं अडखळत चालणाऱ्या आठवणीसारखं वाटत राहतं. डिस्कोथेकमध्ये यावर नाचता येणार नव्हतं, हे मान्य. ऑस्ट्रेलियातल्या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेने २००१ मध्ये देशातली तीस सर्वोत्तम गाणी निवडली, त्यात हे आहे.

‘स्ट्रीट्स ऑफ युअर टाउन’मध्ये तर नाचायलाही अडचण नव्हती. साडेतीन-पावणेचार मिनिटं, सरळ चार मात्रा, अकूस्टिक गिटार, अमँडा ब्राउनचा मागून येणारा लख्ख आवाज, उन्हाळ्यासारखा मुखडा. सिंगलला जे जे लागतं ते सगळं त्यात आहे. फक्त एका कडव्यात सुऱ्या पारजणारा खाटीक आणि घरात मार खाणाऱ्या बायका येतात, आणि तिथेही चाल तशीच हसरी राहते. त्या विसंगतीमुळे गाणं आत शिरतं. पहिल्या ऐकण्यात ते कळत नाही, तिसऱ्या-चौथ्यात कळतं. ब्रिटनमध्ये ते १९८८ मध्ये ८०वर गेलं, पुढच्या वर्षी कंपनीने पुन्हा काढून पाहिलं तेव्हा ८२वर. त्याच वर्षअखेरीस बँड मोडला. पुढे दोघे मित्र पुन्हा एकत्र आले, नवे अल्बम केले, आणि २००६च्या मे महिन्यात मॅकलेनन ४८व्या वर्षी वारला.

२००९ मध्ये ब्रिस्बेन नदीवर एक नवा पूल उभा राहत होता आणि त्याला काय नाव द्यावं हे महापालिकेने लोकांना विचारलं. २०१० मध्ये तो वाहतुकीला खुला झाला. टोल भरून गाड्या जातात, कडेने सायकली आणि चालणाऱ्यांसाठी वाट आहे, आणि पाटीवर लिहिलेलं आहे: गो बिट्वीन ब्रिज.